नमुना क्रमांक सात

निवतीत उतरले ती तराजू मांडीवर घेऊन.
त्याला काचेची पेटी, कारण वाऱ्याने आकडे हलतात,
आणि इथे वारा नाही अशी जागा
तीन दिवसांनी सापडली ती केळुसकरांच्या देवघरामागे,
तांदळाच्या पिंपावर.
पिंप कलतं. खाली विडीचं पाकीट दुमडून घातलं
तेव्हा बुडबुडा मध्यावर आला.

प्रकल्पाचं नाव लांबलचक आहे.
सोपं करून सांगायचं तर,
या किनाऱ्यावर पावसाळ्यात कपडा किती वेळात वाळतो.
"ह्याचो पगार गावता?" सगुण केळुसकरांनी विचारलं.
गावतो. थोडा. उशिरा.

मी घाटावरची. आमच्याकडे
दोरीवर टाकलेलं लुगडं चहा होईतो कडकडीत.
वाळणं ही काही गोष्ट आहे
असं कधी वाटलंच नव्हतं.

मांजरपाटाचे वीतभर चौकोन, एकाच ताग्यातले,
तीन घरांत टांगले. दर दोन तासांनी वजन.
फिलोमीन डिसोझाकडे करवंट्यांच्या निखाऱ्यावर उलटी टोपली,
टोपलीवर तुकडा: पाच तास,
आणि धुराचा वास, जो कुठल्याच रकान्यात बसत नाही.
तिची मुलं शाळेत वासावरून ओळखतात, म्हणाली,
आणि हसली नाही.
मास्तरांकडे पंख्याखाली: अकरा तास, वीज गेली नाही तर.
वीज गेली.
केळुसकरांच्या पडवीत
तिसऱ्या दिवशी तुकडा आदल्या दिवसापेक्षा जड.

"कापडाक ताप इलो काय गो?"
मी तराजू पुसला, शून्य दाबलं, पुन्हा ठेवला.
जडच.

मग दिसला तो सदरा,
त्याच खुंटीवर, तुकड्याला चिकटून.
फिकट निळा, कॉलर ताठ, पाठीवर पांढरे नकाशे.
होडी विकली, त्याआधीच्या शेवटच्या फेरीचा.
दोन वर्षं धुतलेला नाही.
"मी दोनदा बादलीत घातलंय," जयवंतीबाई म्हणाल्या,
"दोनदा ह्येंनी काढल्यानी."

त्यालाच नंबर दिला. सात.
सकाळी दोनशे एकोणीस ग्रॅम.
ऊन पडलं तर दुपारी दोनशे अकरा.
उधाणाच्या एका रात्री दोनशे एकतीस,
थेंबभरही न भिजता.
मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि सोडतं.
याचं सूत्र मला पाठ आहे.

जयवंतीबाई पहाटे बांगडे वाळत घालण्याआधी
कॉलर दोन बोटांत धरून बघतात.
चिकट लागली तर पाटी आतच.
अठ्ठावीस दिवस ताडून पाहिलं:
मोबाइलवरचं हवामान नऊदा चुकलं, त्या तीनदा.
त्या तीनांतल्या एका दिवशी
सगळी पाटी नासली, अळ्या पडल्या, शेजारीण बोलली.
तेही लिहिलं.

सर फोनवर म्हणाले, सात गाळा.
एक कपडा म्हणजे नमुना नव्हे.
बरोबर आहे त्यांचं. गाळला.

पण सगुण रोज विचारत राहिले,
"सदऱ्यान मीठ किती खाल्ल्यान?"
मी सांगितलं, ते कळायला तो शुद्ध पाण्यात धुवावा लागेल,
मग पाणी आटवायचं,
भांड्याच्या तळाला राहील तेवढं.
धुतल्याशिवाय?
धुतल्याशिवाय नाही.
ते उठून समुद्राकडे तोंड करून बसले,
म्हणजे पडवीत नेहमी बसतात तिथेच.

निघायच्या दिवशी, मी पेटीला दोरी बांधत असताना,
जयवंतीबाईंच्या हातात कात्री देऊन म्हणाले,
"एक हात काप. बाकीचो ऱ्हवांदे."

बाही प्लास्टिकच्या पिशवीत, तारीख घालून सीलबंद.
कुडाळपर्यंत एसटीत मांडीवर होती.
बाहेर कोरडं ऊन,
आणि पिशवीला आतून घाम सुटलेला.